कागदावर आहे तेच

मौलाना शिहाबुद्दीन स्वतः माझ्या दुकानात आले तेव्हाच मला समजायला हवं होतं. एरवी ते कागद नोकराच्या हाती पाठवत आणि वर निरोप देत, "माइदेवला सांग, उशीर केला तर कान उपटीन." त्या सकाळी मात्र काठी टेकत आले, उंबऱ्याला अडखळले आणि माझी ऐरण म्हणजे बसायचा पाट समजून तिच्यावर टेकायला लागले. मी दंडाला धरून त्यांना चौरंगावर बसवलं.

"थोरले सुलतान गेले," धाप ओसरल्यावर ते म्हणाले. "रात्री सांडणीस्वार आला. धाकटे तख्तावर बसले. शुक्रवारच्या नमाजाला नव्या नावाचा खुतबा, आणि त्याच दिवशी नव्या नावाचे टंके. टांकसाळीच्या दारोग्याला बुधवारी नमुना हवाय."

"आज सोमवार, मौलाना."

"मला वार मोजता येतात." त्यांनी अंगरख्यातून गुंडाळी काढली. "हा घे कागद."

मशिदीतल्या खुतब्यात नाव वाचलं गेलं आणि चांदीच्या टंक्यावर उमटलं की मगच माणूस सुलतान होतो, तोवर नुसता सुलतानाचा मुलगा. त्यामुळे सुलतान गेला की रडणारे रडत, आणि आम्ही टांकसाळीतले लोक लोखंड तापवायला घेत असू. किल्ल्याखालच्या त्या टांकसाळीत ठसे कोरायचं काम माझं. हुजुरांसमोर आम्ही गावाला दौलताबाद म्हणायचो, घरी आल्यावर देवगिरी. आणि माझ्यासारखा कोरणारा दोन्हीकडे नव्हता. हे मीच सांगतोय, पण म्हणून ते काही खोटं ठरत नाही.

मी कागद उलगडला आणि दारातल्या उजेडात नेला.

मौलानांचं अक्षर मी वर्षानुवर्षं कोरत आलो होतो. त्यांच्या उभ्या रेघा एका उंचीच्या, चांगल्या शेतातल्या ज्वारीच्या धाटांसारख्या. त्यांच्यामधून आडव्या ओळी अशा वळत जायच्या की टंक्याच्या एवढ्याशा गोलात सुलतानाच्या सगळ्या पदव्या मावून वर मोकळी जागा उरायची. या कागदावर त्या धाटांवरून वारा गेला होता. रेघा कापत वर चढल्या होत्या, वाटोळी अक्षरं मिटली नव्हती, आणि एक शेपूट तर गोलाच्या बाहेर पडलं होतं.

"मौलाना, हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही, माझ्या शेळीनं लिहिलं. तिला दरबारात जागा हवीय." त्यांनी मान माझ्याकडे वळवली, पण नजर माझ्या कानाच्या बाजूने कुठेतरी गेली. दोन्ही बुबुळांवर साय धरली होती. "कसं झालंय?"

"ठीक आहे. शाई जरा फिकी वाटते."

"शाई मी स्वतः घोटलीय. ती फिकी नाही." ते काही वेळ काठीवर हनुवटी टेकून बसले. मग म्हणाले, "कागदावर आहे तेच काढ. केसभर इकडे नको, केसभर तिकडे नको."

"हे काय मला आज सांगता?"

"आज सांगतोय," ते म्हणाले आणि उठले.

कागदावर आहे तेच. आमच्या टांकसाळीचा हा कायदा होता, आणि तो राखायला त्यांनी एक चमत्कारिक पद्धत पाडली होती. ठसे कोरणारा माणूस अरबी न वाचणाराच निवडायचा. मौलानांचं म्हणणं असं, की वाचणारा माणूस शब्द बघतो, अक्षर बघत नाही. अर्थ लागला की त्याचा हात सैल सुटतो, आणि पुढे तर तो स्वतःची अक्कल चालवून दुरुस्त्या करायला लागतो. मी उमेदवारीला गेलो तेव्हा आम्ही तिघं होतो. बाकीच्या दोघांना थोडंफार वाचता येत होतं, मला ओ की ठो कळत नव्हतं. मौलानांनी एकच ओळ तिघांना उतरवायला दिली. तिच्या टोकाला एक चिलट चिरडून डाग पडला होता. मी तो डागही काढला, पायांसकट. दारोगा हसायला लागला. मौलाना म्हणाले, "हाच ठेवा. याला काही येत नाही." तेवढी मोठी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

मौलाना आधी दोन पातळ कागद एकावर एक ठेवून लिहीत, शाई झिरपून दोन्ही अगदी एकसारखे उमटत. एक माझ्याकडे येई. मी तो तेल लावून पारदर्शक करायचो, लोखंडावर पालथा चिकटवायचो आणि उलट दिसणाऱ्या अक्षरांवरून कोरत जायचो. त्यात तो कागद संपून जाई. दुसरा मोहोर करून दारोग्याच्या पेटीत राही. ठसा तयार झाला की आधी शिशावर छाप काढायचा, पेटीतला कागद उघडायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. फरक निघाला तर कोरणाऱ्याचा हात कलम. माझ्या बाबतीत कधी फरक निघाला नव्हता.

आणि मौलानांना यह्या नावाचा मुलगा होता. लहानपणी तो माझ्या दुकानात येऊन बसे, बापाची अक्षरं लोखंडावर उलटी झालेली बघून हसे. पुढे बापाच्या हाताखाली तो इतकं सुंदर लिहायला लागला, की ही गादी त्याचीच असं सगळे धरून चालले. पण पोराच्या मनात जहाजं. एक दिवस बापलेकांचं कडाक्याचं वाजलं. मौलाना म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." यह्या चौलला गेला, घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर जहाजावर चढला आणि हर्मुजला निघून गेला. आयुष्यात बापाची तेवढी एकच आज्ञा त्याने तंतोतंत पाळली.

मग कित्येक वर्षं काही कळलं नाही. एकदा एक घोडेवाला सांगत आला, की हर्मुजच्या पेढीवर एक तरुण कारकून बसतो. दक्खनचे टंके आले की एक उचलून उजेडात धरतो, म्हणतो, "म्हातारा अजून लिहितोय," आणि ठेवून देतो. मौलानांनी अंगावरची शाल काढून त्या घोडेवाल्याला दिली. तेव्हापासून प्रत्येक नव्या ठशाच्या वेळी ते मला विचारत, "समुद्रापलीकडे जाईल ना रे हे?"

म्हणून तो कागद हातात धरून मी बसलो तेव्हा मला सगळं पुढचं लख्ख दिसलं. हे अक्षर चांदीवर उमटलं की मौलानांची जागा गेली. दारोग्याचा भाचा कमाल कधीचा टपून बसला होता. नाण्यावर कमालचं अक्षर येणार, तिकडे हर्मुजला यह्या टंका उजेडात धरणार आणि समजणार की बाप मेला. हे मी होऊ देणार नव्हतो.

"तुम्ही काय ठरवलंय ते मला दिसतंय," माझी बायको देमाई म्हणाली. ती मागच्या पडवीत भाकरी थापत होती, पण माझ्या तोंडावरची माशी हललेलीसुद्धा तिला तिथून कळते. "अहो, कागदावर आहे तेच काढा. तुमचं काय जातंय?"

"मौलानांची जागा जातेय."

"आणि तुमचा हात गेला तर? मी काय तुमच्या डाव्या हाताबरोबर संसार करू?"

"जात नाही कुठे. दारोगा चांदी बघतो, वजन बघतो, नाव बघतो. पेटीतला कागद उघडतो, पण शब्द जुळले की घडी घालतो. अक्षर बघायला डोळे लागतात."

"तुमची ही घमेंड एक दिवस आपल्याला भीक मागायला लावणार," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकून, हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली. "दाखवा, काय लिहिलंय त्यांनी."

ठशाचा आराखडा मला पाठ होता. पदव्या त्याच, जागा त्याच. खलिफाच्या नावाची दुसरी बाजू तर बदलायचीच नव्हती, तिचा जुना ठसा चालणार होता. अडचण एकच, आणि ती मोठी. सुलतानाचं नाव नवीन होतं. ते मौलानांच्या चांगल्या दिवसांतल्या हाताने लिहिलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. जे वाचता येत नाही ते मी सरळ करणार कसं? एक बाक चुकला तर सुलतानाचा भलताच कोणीतरी व्हायचा.

आजवरच्या सगळ्या ठशांचे शिशाचे छाप मी एका मडक्यात साठवून ठेवले होते. ते आम्ही घोंगडीवर ओतले. नव्या नावातला एकेक कापरा तुकडा घ्यायचा आणि त्याचा निरोगी भाऊ जुन्या छापांत कुठे सापडतो ते शोधायचं. देमाईची नजर माझ्यापेक्षा चपळ.

"हा चवळीच्या शेंगेसारखा बाक इथे आहे बघा."

"त्याच्या पोटात ठिपका आहे. आपल्याला बिनठिपक्याचा हवा."

"मग हा. आणि हे शेपूट थोरल्या सुलतानांच्या बापाच्या नावातलं घ्या. त्यांना आता कशाला लागतंय?"

दुपार कलेपर्यंत आम्ही दोघं नवरा-बायको, एकही अक्षर न येणारी, घोंगडीवर बसून सुलतानाचं नाव जुळवत होतो. जुळलं. मी ते तुकडा तुकडा ठशावर घेतलं आणि बाकीचं सगळं मौलानांच्या भर उमेदीतल्या हाताने कोरलं. कागद चिकटवला होता, पण त्याच्याकडे पाहिलं फक्त जागांपुरतं. मंगळवारी संध्याकाळी कुरुंदाच्या पुडीने ठसा घासून पुसला, आणि खरं सांगतो, स्वतःच्याच कामावर मी भाळलो.

बुधवारी टांकसाळीच्या चौकात आम्ही जमलो. दारोगा मलिक फखर गादीवर पान चघळत बसला होता. अंगाने अवाढव्य, स्वभावाने व्यवहारी. चांदीशिवाय दुसऱ्या कशात त्याचा जीव नव्हता. शेजारी कमाल. त्याचं अक्षर बरं होतं, आणि ते बरं आहे हे त्याला फार माहीत होतं. मौलाना भिंतीशी काठी धरून उभे होते.

खालचा ठसा खोडात बसवला, वर शिशाची चकती, तिच्यावर माझा नवा ठसा. घण पडला. कमालने छाप उचलला, उजेडात नेला आणि मोठ्याने वाचला. पदव्या सगळ्या आल्या. शेवटी नाव आलं, स्वच्छ आणि बरोबर. 

"वा," दारोगा म्हणाला. "आता पेटीतला कागद काढा."

मोहोर फुटली. कमालने कागद उलगडला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने कागद आणि छाप दोन्ही मामापुढे ठेवले. दारोग्याने कागद पाहिला, छाप पाहिला, पुन्हा कागद पाहिला. मग त्याने मान वर करून मौलानांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि पान चघळायचं थांबला.

"मौलाना, हे कधीपासून?"

मौलानांनी काठी भिंतीला टेकवली. हात पुढे केला. "छाप द्या इकडे."

दारोग्याने दिला. मौलानांनी त्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक ओळीवरून. मला वाटलं, आता चेहरा फुलेल. तो उतरला.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

"तुमचंच आहे, मौलाना," मी म्हणालो. "यातली एक रेघ माझी नाही."

"म्हणजे तू कागद बदललास," कमाल म्हणाला. "मामा, शिक्षा ठरलेली आहे."

दारोगा छाप हातात खेळवत राहिला. मग मोठ्याने हसला. "शिक्षा ठरलेली आहे, आणि शुक्रवारही ठरलेला आहे. असला हात तोडला तर नुकसान माझं. माइदेव, तू गाढव आहेस, पण नाणं देखणं आहे. तो कागद जाळून टाका आणि उद्यापासून पाडायला घ्या. मौलाना, तुम्ही आता आराम करा. तुमचं अक्षर शाबूत आहे, आणखी काय हवं?"

मी जिंकलो होतो. हात शाबूत, मौलानांचं अक्षर चांदीवर, समुद्रापलीकडे जायला मोकळं. मी मौलानांकडे वळलो. ते दाराकडे चालायला लागले होते, आणि वाट चुकून भट्टीच्या दिशेने निघाले होते. मी धावत जाऊन त्यांना धरलं आणि बाहेर कडुनिंबाखाली नेलं.

"रागावलात?" मी विचारलं.

"काय केलंस रे तू?"

"तुमची जागा राखली. निदान तुमचा हात राखला."

"जागा गेली खड्ड्यात. या शुक्रवारनंतर ती मी सोडणारच होतो." त्यांनी माझं मनगट पकडलं. त्यांची बोटं कापत होती, ती थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "यह्या हे नाणं उजेडात धरेल. काय म्हणेल तो?"

"म्हणेल, अब्बांचा हात."

"म्हणेल, म्हातारा ठणठणीत आहे. म्हणेल, अजून चार वर्षांनी गेलं तरी चालेल. त्याची पेढी आहे, बायको असेल, मुलं असतील. कशाला येईल तो?" ते थांबले. "मला चार वर्षं नाहीत, माइदेव."

मी त्यांच्या अंगरख्यावर पडलेलं कडुनिंबाचं पान झटकलं. 

"लिहिताना मला दिसत नव्हतं, पण हात कापतोय ते कळत होतं. आजवर मी तो आवरून धरत आलो. श्वास रोखायचा, कोपर टेकवायचं, कागद दहादा फाडायचे. या वेळी म्हटलं, जाऊ दे. आहे तसा जाऊ दे. तो बापाचा हात ओळखतो, तर हेही ओळखेल. माझ्याकडे असा एक माणूस आहे जो चिलटाचे पायसुद्धा सोडत नाही." त्यांनी माझं मनगट सोडलं. "आणि नेमकी त्यालाच या वेळी अक्कल सुचली."

चूक माझी होती. पण मी काही बसून कपाळ बडवणारा माणूस नाही. त्यांना कडुनिंबाच्या पारावर बसवलं आणि तसाच आत गेलो.

आमच्यात नाकारलेल्या ठशाच्या तोंडावर छिन्नीने आडवा घाव घालतात, म्हणजे तो चोरून कोणी वापरू नये. तो घाव ज्याने कोरलं त्यानेच घालायचा असतो. घणवाले अजून चकत्या मांडत होते. मी माझा ठसा उचलला, ऐरणीवर ठेवला, छिन्नी धरली आणि हातोडा मारला. सुलतानाच्या नावातून आरपार रेघ गेली. त्या आवाजाने घणवाल्यांनी माना वळवल्या.

दारोगा गादीवरून उठून उभा राहिला. त्याला उभं राहताना मी फार कमी वेळा पाहिलंय. "काय केलंस हे?"

"हुजूर, तो कागदाबरहुकूम नव्हता."

"मी चालेल म्हणालो होतो."

"तुम्ही म्हणालात, पण कायदा म्हणाला नाही. सुलतानाच्या नावाच्या पहिल्याच नाण्याला कायदा मोडलेला, उद्या कोणी राजधानीला चुगली केली तर तुम्हालाच जड जाईल." हे बोलताना मी कमालकडे पाहिलं. पाहायचं कारण नव्हतं, पण पाहिलं. दारोग्यानेही पाहिलं.

"मी लिहून देतो, मामा," कमाल घाईने म्हणाला. "आत्ता लिहितो, चांगल्या अक्षरात."

"मोहोर या कागदावर होती," मी म्हणालो. "मी दुसरा कागद कोरणार नाही. दुसरा कोरणारा इथे असेल तर बोलवा."

दुसरा कोरणारा नव्हता, हे दारोग्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याचा चेहरा पानासारखा लाल झाला होता. त्याने तो कापरा कागद उचलून माझ्या छातीवर फेकला.

"शुक्रवारी नमाजाच्या आत ठसा इथे. नाही आला, तर हा हात मी स्वतः तोडीन. आणि ताडून बघीन, समजलं? केसाचा फरक चालणार नाही."

"केसाचा फरक निघाला तर दोन्ही तोडा," मी म्हणालो, आणि कागद घेऊन बाहेर पडलो.

घरी आल्यावर देमाईला सगळं सांगितलं. ती मला रागावणार असं धरून मी चाललो होतो. तिने तोंडाला लावलेला पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "तरी मी सांगत होते," आणि लोखंड घासायला घेतलं. पेटीतला कागद ताडायला शाबूत हवा होता, म्हणून मी तेल लावलेला पातळ कागद त्याच्यावर ठेवून सगळं केसागणिक उतरवून घेतलं आणि तो लोखंडावर पालथा चिकटवला.

सुंदर अक्षर कोरणं सोपं असतं, हे मला त्या गुरुवारी कळलं. सुंदर रेघ एका दमात जाते. तिला कुठे जायचंय ते तिलाच माहीत असतं. कापऱ्या रेघेला काही माहीत नसतं. म्हाताऱ्याची बोटं जिथे अडखळली तिथे मला थांबायचं होतं, जिथे घसरली तिथे तेवढंच घसरायचं होतं. शाई जिथे जाड साचली ती जागा, लेखणी जिथे उचलली गेली ती फट. शंभरदा हात सवयीने रेघ सरळ करायला धावला आणि शंभरदा मी त्याला मागे ओढला. गोलाबाहेर पडलेलं शेपूटसुद्धा मी बाहेरच पडू दिलं. बोटं तेलाने माखलेली, म्हणून देमाई मधून मधून भाकरीचा घास माझ्या तोंडात घालत होती आणि दारात कोणी आलं की "घरात नाहीत" म्हणून सांगत होती, मी समोर दिसत असतानाही.

शुक्रवारी छाप पडला. दारोग्याने कागद शेजारी ठेवून तो निरखला. कमालही वाकला. दोघांना काही सापडलं नाही.

"मामा, हे नाणं बाजारात गेलं तर लोक हसतील," कमाल म्हणाला.

"नाव बरोबर आहे?"

"आहे."

"चांदी माझी आहे. वजन माझं आहे. कागदाशी जुळतंय. पाडा." दारोगा माझ्याकडे न बघता पानाचा डबा उघडायला लागला. "पुढच्या महिन्यापासून कमाल लिहील."

देवगिरीच्या टांकसाळीतून बाहेर पडलेलं ते सगळ्यांत वाईट अक्षर, आणि माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम. लोक खरंच हसले. बाजारात वाणी म्हणत, नव्या सुलतानांना थंडी वाजतेय वाटतं. मी ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, हस लेका, तुझ्या बापाला जमणार नाही हे. महिन्याभरात कमालचा ठसा आला आणि हसणं थांबलं. तोवर घोडेवाले आपल्या थैल्या भरून चौलच्या वाटेला लागले होते.

मौलानांना मी एक टंका नेऊन दिला. त्यांनी अंगठा फिरवला, फार वेळ फिरवला. शेवटी म्हणाले, "हं. हे माझं." त्यानंतर ते घरीच असत. दृष्टी पूर्ण गेली. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. यह्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. जहाजं यायच्या दिवसांत फक्त ते जरा जास्त वेळ ओसरीवर बसत.

एक पावसाळा गेला. चौलहून घोडे आले, व्यापारी आले, दुसरं कोणी आलं नाही. मी मौलानांना सांगितलं, या वर्षी वारा उशिरा सुटला म्हणतात. ते म्हणाले, "तुला समुद्रातलं काय कळतं?" आणि विषय बदलला.

दुसऱ्या वर्षी दिवाळी उलटल्यावर एका सकाळी मी ऐरणीवर होतो. दारात एक माणूस उभा राहिला. परदेशी धाटणीचा फेटा, दाढीत दोन-चार पांढरे केस, चपलांवर सगळ्या घाटाची धूळ. त्याने मला नाव विचारलं नाही. कमरेच्या थैलीतून एक टंका काढून माझ्यासमोर लोखंडावर ठेवला.

"माइदेवकाका," तो म्हणाला. आमची भाषा त्याच्या तोंडात गंजली होती, पण होती. "हे तुम्ही कोरलंय?"

"होय."

"मी ते पाहिल्यापासून वाटेत एकच गोष्ट स्वतःला विचारत आलोय." त्याने टंक्यावर बोट ठेवलं, अगदी त्या गोलाबाहेर पडलेल्या शेपटावर. "हे कापणं तुमच्या हाताचं आहे की अब्बांच्या? तुमचंही वय झालंय. मनाला समजावत होतो, की काकांचं असेल."

मी हातातली छिन्नी खाली ठेवली आणि माझा उजवा हात त्याच्यासमोर धरला. तो त्याच्याकडे बघत राहिला. हात जराही हलत नव्हता.

"घरीच आहेत," मी म्हणालो. "ओसरीवर असतील."

त्याने टंका तिथेच सोडला आणि धावत सुटला.